रस्त्यापलीकडचं पाळणाघर

“कमी?” धनविजय साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला. “आम्ही कुणाला कमी करत नाही, मॅडम. साठावं लागलं की माणूस आपला आपण कमी होतो. आम्ही फक्त शाल आणि भिंतीवरचं घड्याळ आणतो.”

मी लॅपटॉपवर टिपून घेतलं. “आणि कामाचं मूल्यांकन?”

“सगळे ‘अतिशय चांगले’. एकदा एकाला माझ्या हातून नुसतं ‘चांगला’ लिहिलं गेलं. तो कोर्टात गेला. मग निवृत्त झाला, काटोलला जाऊन संत्री लावली, संत्र्यांना फळं धरली, केस सुरूच आहे.” ते स्वतःशीच हसले आणि एकदम थांबले. “तुमची तब्येत बरी नाही का?”

तब्येत बरी होती. मी टेबलावर उलटा ठेवलेला फोन बघत होते. जुई सात महिन्यांची होती आणि त्या सकाळी मी तिला शेजारच्या वंदनाताईंकडे ठेवून आले होते. वंदनाताईंनी दारातच सांगितलं होतं, “आजचा दिवस घेते गं. उद्यापासून मला नाही जमणार, मुलीचं बाळंतपण आहे.” माझी आई नव्हती. सासूबाई भंडाऱ्याला अंथरुणाला खिळलेल्या. नवऱ्याची कंपनी बंद पडलेली, तो पुण्यात मित्राच्या खोलीवर राहून मुलाखती देत होता. घर माझ्या पगारावर चाललं होतं आणि उद्या सकाळी जुईला ठेवून घ्यायला कुणीच नव्हतं.

आमची कंपनी गाड्यांचं वायरिंग बनवायची. रस्त्याच्या पलीकडे ही सरकारी कंपनी, विजेचे मीटर बनवणारी; धनविजय साहेब तिथले कार्मिक अधिकारी. हिंगण्याच्या एमआयडीसीत दोन्ही फाटकं अगदी समोरासमोर. मी आमच्या एचआरमध्ये होते. बाळंतपणाच्या रजेवरून परतले तसं शलाकानं मला हे काम दिलं. शलाका आमची एचआर हेड. तिला मॅडम म्हटलेलं चालायचं नाही.

“माणसं हाताळायच्या दोन पद्धती, त्यांची आणि आपली,” ती म्हणाली होती. “तुलना कर. मॅनेजमेंटला दाखवायचंय, आपण किती पुढे आहोत ते. हलकं काम आहे, मुद्दाम तुला दिलंय. पण दर्शना, यू नीड टू सेटल नाऊ. परवा आली नाहीस, गेल्या आठवड्यातही एकदा आली नाहीस.”

‘सेटल’ हा आमच्या खात्यातला शब्द. त्याच्यानंतर काय येतं ते मला पाठ होतं. काचेची खोली येते. टेबलावर पाण्याची बाटली आणि टिश्यूंचा डबा येतो. मग कुणीतरी अतिशय प्रेमानं म्हणतं, तू स्वतःसाठी निर्णय घे. आणि माणूस स्वतःच्या हातानं लिहून देतो की मी वैयक्तिक कारणासाठी राजीनामा देत आहे. आम्हीही कुणाला कमी करत नव्हतो. आमच्याकडेही माणूस आपला आपणच कमी व्हायचा.

“चला,” धनविजय साहेब उठले. “कल्याण विभाग दाखवतो. ते बघायला आमच्याकडे कुणी येत नाही.”

कँटीन बघितलं, वाचनालय बघितलं. मग एका लांबट खोलीचं दार त्यांनी ढकललं आणि मी उंबरठ्यावरच थांबले.

सहा पाळणे. प्रत्येकाला धुतलेली पांढरी मच्छरदाणी. खिडकीत दुपट्यांची चळत, कोपऱ्यात लाकडी घोडा, त्याचा रंग नुकताच मारलेला. पावडरीचा वास. आणि एकही मूल नाही. साठीला टेकलेली एक बाई खुर्चीत पाय वर घेऊन चहा पीत होती.

“या अनसूयाबाई. आमच्या आया.”

“मुलं कुठायत?” मी विचारलं.

“मुलं मोठी झाली, बाप्पा,” अनसूयाबाई म्हणाल्या. “इंजिनिअर झाली, अमेरिकेत गेली. इथं नवी भरती कुठं होऊन राहिली? सगळ्यात लहान बाई आमच्या हिशोबखात्यातली, तिले नातू झाला.”

“पण पाळणाघर मंजूर आहे,” साहेब जरा ओशाळून म्हणाले. “मंजूर आहे तोवर चालतं.”

“दूध बी येते रोज कँटीनमधून. मंजूर आहे ना! मी त्याचा चहा करते. घे वं, तू बी घे घोटभर.”

छाती एकदम भरून आली आणि मला कळायच्या आत कुर्त्यावर ओल पसरली. मी ओढणी पुढे ओढली. अनसूयाबाईंनी कप खाली ठेवला.

“कितवा महिना लेकराले?”

“सातवा.”

“कोणापाशी आहे?”

मी सांगितलं. उद्याचंही सांगितलं. समोर परका अधिकारी उभा आहे, मी इथे कामाला आलेय, गळ्यात कंपनीचं कार्ड आहे, यातलं काहीच मला थांबवू शकलं नाही. “साहेब, माझी मुलगी इथे ठेवून घ्या. मी पैसे देईन, काय म्हणाल ते करीन.”

“मॅडम, नियम आहे. फक्त कर्मचाऱ्यांची मुलं. मी नोंदच करू शकत नाही.”

“नोंद कोन करा म्हणून राहिलं?” अनसूयाबाई म्हणाल्या. “तुम्ही आता जेवाले जा, साहेब.”

“अनसूयाबाई, तपासणी आली तर...”

“तपासणी आली तर रिकामी खोली पाहून कुलूप लावतीन अन् मले स्टोअरात खिळे मोजाले बसवतीन. एक तरी लेकरू असू द्या ना माह्या खोलीत. मले बी करमत नाही. तुम्ही काही आयकलं नाही. जा, भाजी थंडी होते तुमची.”

धनविजय साहेबांनी मच्छरदाणीची एक घडी सारखी केली. मग खरंच जेवायला गेले.

दुसऱ्या दिवसापासून जुई पाळणाघरात जायला लागली. सकाळी फाटकापाशी अनसूयाबाई तिला माझ्याकडून उचलून घ्यायच्या आणि पहारेकऱ्याला सांगायच्या, “नात आहे माही.” पहारेकरी म्हणायचा, “काल तर नव्हती.” त्या म्हणायच्या, “नाती अशाच येतात, रे. सांगून येतात का?”

दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी रस्ता ओलांडायची. शलाकाला सांगायची, अजून थोडी माहिती गोळा करायचीय. जुईला पाजत असताना माहिती आपोआप मिळायची. अनसूयाबाई बोलत राहायच्या. इथे बढती कशी होते, तर वरचा निवृत्त झाला की. बदली कुणाची होते, तर ज्याची ओळख नाही त्याची. “अन् तुमच्याकडं?” त्या विचारायच्या. मी म्हणायची, आमच्याकडे वाढदिवसाला केक येतो. “आन् मंग?” मग काही नाही. जुई पिता पिता थांबायची, आमच्या दोघींच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघायची आणि पुन्हा प्यायला लागायची. तिच्या कानाची पाळी प्रकाशात लालसर दिसायची. त्या अर्ध्या तासात मला वाटायचं की सगळं निभेल.

एके दिवशी मीटिंग लांबली आणि मला पलीकडे जाता आलं नाही. छाती दगडासारखी झाली. मी खालच्या मजल्यावरच्या लेडीज टॉयलेटमध्ये जाऊन बेसिनवर वाकून दूध पिळून टाकत होते. शेजारच्या बेसिनला आणखी एक बाई तेच करत होती. पॅकिंगवरची करुणा. ती ठेकेदाराची कामगार होती. आमच्या पटावर मोजकीच माणसं, बाकी सगळी तीन ठेकेदारांत वाटलेली. त्यामुळे पन्नासांवर माणसं असली की पाळणाघर हवं, हा नियम आपल्याला लागत नाही, असं आमचं खातं म्हणायचं. आम्ही दोघी नळ सोडून उभ्या होतो, एकमेकींकडे न बघता.

“घरी कोण बघतं?” मी शेवटी विचारलं.

“सासू. तिला दिसत नाही, मॅडम. पाळण्याची दोरी मनगटाला बांधून बसते. रडला की ओढते.” तिनं तोंडावर पाणी मारलं. “रडला नाही तर मात्र तिला कळत नाही तो आहे का नाही.”

मला पलीकडच्या पाच रिकाम्या पाळण्यांबद्दल तिला सांगावंसं वाटलं. मी सांगितलं नाही. एक मूल नात म्हणून खपत होतं. दुसरं खपलं नसतं आणि मग माझंही गेलं असतं.

तपासणी पुढच्या आठवड्यात होती. तपासणी अधिकारी त्या गुरुवारीच आले.

मी नेहमीसारखी मागच्या दारानं पाळणाघरात शिरले तेव्हा खोलीच्या मधोमध मुख्यालयाचे बोंद्रे साहेब उभे होते. बारीक, शांत माणूस, हातरुमालानं मान पुसत होते. त्यांच्या मागे धनविजय साहेब. आणि अनसूयाबाई जुईला कडेवर घेऊन पहाडासारख्या उभ्या.

“कुणाचं मूल हे?” बोंद्रे विचारत होते.

“माहं.”

“बाई, तुम्ही पुढच्या वर्षी निवृत्त होताय.”

“मंग? नियमात मायचं वय कुठं लिहिलं आहे? दाखवा.”

धनविजय साहेबांनी डोळे मिटून घेतले. बोंद्रेंना हसू आलं, ते त्यांनी गिळलं. “नाव काय मुलाचं?”

“जुई.”

“आणि या कोण?”

सगळे माझ्याकडे वळले. अनसूयाबाईंनी मला डोळ्यांनी खूण केली. जा. मागं फिर. माझ्या गळ्यात निळं कार्ड होतं, हातात लॅपटॉप. मी म्हणू शकले असते की समोरच्या कंपनीतून अभ्यासाला आलेय. दोन वाक्यांत निभलं असतं. माहंच आहे म्हणून अनसूयाबाईंनी काहीतरी रेटलं असतं आणि उद्या सकाळी पुन्हा फाटक उघडलं असतं.

जुईनं मला बघितलं. तिनं दोन्ही हात पुढे केले. मी हलले नाही. तिला वाटलं मी खेळतेय, ती हसली आणि अंग पुढे झोकून दिलं. मी तरीही हलले नाही. तेव्हा तिचा ओठ खाली वळला. अजून रडू फुटलं नव्हतं, ती नुसती बघत होती, ही ओळखीची बाई आज ओळख का देत नाही म्हणून.

लॅपटॉप मी कुठे ठेवला ते आठवत नाही. ती माझ्या खांद्यावर होती आणि मी म्हणत होते, “माझी आहे. माझी मुलगी आहे ही.”

“तुम्ही आमच्या कर्मचारी?”

“नाही.”

मग बोंद्रे अनसूयाबाईंकडे वळले. “उद्यापासून तुम्ही स्टोअर्सला. ही खोली बंद.”

अनसूयाबाईंनी कमरेवर हात ठेवले. “लेखी द्या.”

“मिळेल ना. रीतसर मिळेल.”

“मिळू द्या. मिळालं की मी वाचीन. मले चष्म्याचा नंबर काढाचा आहे, तो काढीन, मंग वाचीन. मंग युनियनले दाखवीन. तवरक मी या खुर्चीवर आहो.”

आणि नवल म्हणजे बोंद्रे साहेबांनी मान हलवली. त्यांना राग आला नाही. ही इथली रीतच होती; कागद निघेल, कागद फिरेल, तोवर बाई खुर्चीवर असेल. त्यांनी रुमालाची घडी केली आणि माझ्याकडे बोट केलं.

“पण हे मूल आत्ता बाहेर. आमच्या नोंदीत ते नाहीच, त्याला कसला आदेश?”

धनविजय साहेब मला फाटकापर्यंत सोडायला आले. जुईची दुपटी त्यांनी स्वतः हातात धरली होती. “मॅडम,” ते म्हणाले, “तुम्ही आमच्या पटावर असता तर मी दोन वर्षं हिला इथून हलवू दिलं नसतं त्यांना. खरं सांगतो.” त्यांनी दुपटी माझ्या खांद्यावर ठेवली आणि पाठ फिरवली.

एप्रिलचं ऊन. रस्त्यावर डांबर चिकटत होतं. मी जुईच्या डोक्यावर ओढणी धरून मधेच उभी राहिले. घरी न्यावं, तर आज ती तिसरी दांडी. वंदनाताईंच्या दाराला कुलूप. समोर आमचं फाटक. उजवीकडून ट्रक आला, हॉर्न देत राहिला. जुईनं माझ्या गळ्यातलं कार्ड तोंडात घातलं आणि चावायला लागली. मी आमच्या फाटकाकडे चालायला लागले.

पहारेकऱ्यानं विचारलं, “मॅडम, हे?” मी म्हटलं, “माझं.” लहान मुलाला आत न्यायचं नाही असा नियम आमच्याकडे नव्हता. कुणी कधी नेलंच नव्हतं.

मी जागेवर बसले. जुईला मांडीवर घेतलं, ओढणीखाली पाजलं आणि एका हातानं मेल लिहायला लागले. आजूबाजूचे कीबोर्ड एकेक करून थांबले. थोड्या वेळानं शलाका आली. वाकून जुईच्या गालाला हात लावला. “सो स्वीट! दर्शना, दोन मिनिटं येतेस?”

काचेची खोली. पाण्याची बाटली. टिश्यूंचा डबा.

“मला तुझी काळजी वाटते गं,” शलाका म्हणाली, आणि ते खोटं नव्हतं. “मीही आई आहे. माझ्याकडे आई-बाबा होते, म्हणून जमलं. तू किती ओढाताण करतेस! तू आधी स्वतःचा विचार कर. एक ब्रेक घे. मी तुला खूप सुंदर रेफरन्स देईन. तू एक छोटा मेल टाकलास ना, वैयक्तिक कारण म्हणून, की बाकीचं सगळं मी स्मूथ करते.”

जुईनं टिश्यूंचा डबा ओढला. एक टिश्यू उपसला, मग दुसरा. पांढरे कागद टेबलावर पडत गेले.

मी शलाकाला नेहमी अगं-तुगं करायची. त्या वेळी माझ्या तोंडून आलं, “मॅडम, लेखी द्या.”

“काय?”

“मी राजीनामा देणार नाही. तुम्हाला मला काढायचं असेल तर काढा. कारण लिहून द्या. मूल आणलं म्हणून, असं लिहा. खाली सही करा.”

“दर्शना, आपण इथे असं बोलत नाही. आपण फॅमिली आहोत.”

“मला माहितीय. म्हणूनच लेखी हवंय.”

तिनं माझ्याकडे बघितलं, मग मांडीवरच्या जुईकडे. आमच्या कंपनीनं आजवर एकाही माणसाला लेखी काढलं नव्हतं. तसं पत्र कसं लिहितात, ते लिहिलं तर पुढे कोर्टात काय काय होतं, हे तिला माहीत होतं. मलाही होतं, ते काम माझंच होतं. ती फोन घेऊन बाहेर गेली. काचेपलीकडे ती येरझाऱ्या घालत बोलताना दिसत होती. मी जुईला घट्ट धरून बसले होते. जुईनं एक टिश्यू माझ्या तोंडावर धरला, ओढून काढला आणि खिदळायला लागली.

शलाका परत आली. “आज बस तू. उद्याचं उद्या बघू.”

“उद्याही मी हिला आणीन.”

तिनं सांडलेले टिश्यू डब्यात परत कोंबले. नको, असं लिहायला कुणीच तयार नव्हतं.

ते उद्या पुढे कितीतरी दिवस चाललं. मला कोपऱ्यातली जागा मिळाली, चांगली कामं मिळायची थांबली, केक कापताना मला बोलावायचं लोक विसरायला लागले. पण पगार आला. नवऱ्याला नोकरी लागेपर्यंत येत राहिला. आज जुई शाळेत जाते आणि तिला यातलं काही माहीत नाही.

पण त्या गुरुवारची आठवण निघाली की मला काचेची खोली आधी आठवत नाही. संध्याकाळी शिफ्ट सुटली ते आठवतं. मी जुईला टोपरं बांधत होते आणि करुणा दारात येऊन उभी राहिली. अंगावर पॅकिंगचा हिरवा कोट, डोक्यावर जाळी. ठेकेदाराकडच्या कामगार बायका आमच्या मजल्यावर येत नसत. बातमी शॉपफ्लोअरवर कधीच पोचली होती.

“मॅडम,” ती हळू आवाजात म्हणाली, “उद्या मीही माझा आणू?”

तिच्या मागे जिन्यात आणखी दोघी होत्या. त्या पुढे आल्या नाहीत, पण त्यांच्या सँडली दिसत होत्या.

आणा, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. आपण सगळ्याच आणू, बघू काय करतात ते. पण मी एचआरमध्ये होते. मला काढायचं तर कंपनीला एक पत्र लिहावं लागत होतं. करुणाला काढायला काहीच लिहावं लागणार नव्हतं. ती आमच्या पटावर नव्हती. सुपरवायझर ठेकेदाराला फोन करणार आणि ठेकेदार तिला फाटकावर सांगणार, उद्यापासून येऊ नको. कुणाला ‘लेखी द्या’ म्हणायचं, तेसुद्धा तिला सापडलं नसतं.

“नको,” मी म्हटलं. “नका आणू, करुणा.”

तिनं डोक्यावरची जाळी मागे सारली. जिन्यातल्या सँडली एक पायरी खाली गेल्या.

“तुमची येणार उद्या?”

“हो.”

“येऊ द्या,” ती म्हणाली. मग कोटाला हात पुसून पुढे आली आणि जुईचा पाय तळहातावर घेतला, वजन बघावं तसा. “माझ्या बाळापेक्षा भरलीय जरा. दूध उतरतंय तुमचं चांगलं.”

खाली ठेकेदाराच्या गाडीनं हॉर्न दिला. तिनं जुईचा पाय जपून परत माझ्या मांडीवर ठेवला आणि धावत जिना उतरली.